कोनाड्यातला दगड

मुलांना नदीवर नेऊन "चांगला दगड शोधा" म्हटलं की ती चांगला दगड कधीच शोधत नाहीत. असं का, ते मला अजून कळलेलं नाही. पायाशी कसले गुळगुळीत, अंड्यासारखे, रंग घ्यायला तयार बसलेले दगड पडलेले असतात. त्यांच्यावरून ती सरळ चालत जातात आणि कुठला तरी वेडावाकडा, टवका उडालेला, अर्धा चिखलात रुतलेला धोंडा दोन्ही हातांनी उपसून आणतात. "मावशी, हा बघा!" बघते बाई. बघून काय करणार? पहिल्या उन्हाळ्यात मी असले धोंडे परत टाकून द्यायला लावायचे. मग एकदा एका पोराला विचारलं, बाबा रे, एवढ्यातनं हाच का? तर म्हणाला, "ह्याच्याकडं कुणी बघतच नव्हतं." त्या दिवसापासून मी टाकून द्यायला लावणं सोडलं आणि विचारणं वाढवलं.

विचारायची खोड माझी जुनीच. समोरच्याच्या पिशवीत काय आहे, शेजारणीचा कुकर आज एवढ्या उशिरा का वाजला, सगळ्याची मला उत्सुकता. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. न घेतल्यामुळे मी कराडात दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मे महिन्यात शिकवण्या बंद असतात आणि आमच्या अपार्टमेंटमधली बारकी पोरं नुसती जिन्यावरनं खालीवर दणदणत असतात. एका वर्षी त्या दणदणाटानं माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की बाहेर येऊन ओरडायच्या ऐवजी मी म्हटलं, चला रे सगळे नदीवर. तिथनं हे दगडांचं सुरू झालं.

संगमाच्या अलीकडे पाणी उतरलेलं असतं, तिथं दगडांचा नुसता सडा. कोयनेच्या अंगाचे गोल आणि कृष्णेच्या अंगाचे चपटे असतात असं माझं मत आहे. नवरा म्हणतो तुझं काहीतरीच. असेल. पण मी दोन बादल्या वेगळ्या ठेवून बघितलंय. काळ्या दगडाला बारीक बारीक भोकं असतात, काहींच्या भोकात पांढरं काहीतरी साखरेसारखं बसलेलं असतं, ते उन्हात चमकतं. पोरं ते नखानं उकरतात, एक-दोघांनी चाटूनही बघितलं. चव नसते, हे त्यामुळे मला कळलं.

मग ते दगड गच्चीवर आणायचे, कपडे धुवायच्या ब्रशनं घासायचे आणि उन्हात टाकायचे. वाळले की पांढऱ्या रंगाचा एक हात, तो वाळला की खरा रंग, आणि शेवटी वॉर्निश. मेच्या उन्हात ब्रशवरचा रंग दगडापर्यंत पोचेस्तोवर वाळतो, म्हणून आम्ही सकाळी किंवा ऊन कलल्यावर बसायचो. कुणी घुबड करायचं, कुणी हिरवा दगड कुंडीत उभा रोवून निवडुंग करायचं. एक पोरगा प्रत्येक दगडाचा क्रिकेटचा चेंडूच करायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान; ती दगडावर ठिपके मांडत बसली की हलायची नाही, आणि ते ठिपके इतके सारखे, की मी पट्टी लावून बघावी.

माझा नियम एकच होता. रंगवायच्या आधी दगड हातात घेऊन बघायचा. उलटा, सुलटा, कडेनं. ह्याच्यात काय दिसतंय ते दिसल्याशिवाय ब्रश मिळायचा नाही. आणि एक खेळ होता, त्याला पोरं खजिना म्हणायची. नदीवरचे खास दगड मी जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळून अपार्टमेंटच्या आवारात लपवायचे. जिन्याखाली, पंपाच्या खोलीमागं, कंपाउंडच्या भिंतीत. ज्याला सापडेल त्यानं तो घ्यायचा, पण त्याच चिंधीत आपल्याजवळचा दुसरा दगड बांधून तिथंच ठेवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला रिकामी चिंधी सापडणार नाही. हा खेळ पुढं काय करून ठेवणार आहे, हे मला कुठं माहीत!

आमच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, एक काका-काकू राहायचे. काका एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. पण माणूस अजून ड्युटीवर असल्यासारखा. कुणी गावाला निघालं की काका गॅलरीतनं, "कुठं? विट्याला? आवं साडेसातची धरा, सीट मिळती." आपण विचारलेलं नसायचंच. त्यांच्या डोक्यातलं वेळापत्रक मात्र ते निवृत्त झाले त्या दिवशीच थांबलेलं होतं. आम्ही सगळे हो हो म्हणायचो आणि स्टँडवर जाऊन खिडकीवर विचारायचो. काकू तेवढ्या त्यांच्यावर विश्वास ठेवायच्या. ठेवायच्या आणि मग भांडायच्या. काकूंचं भांडण म्हणजे काय सांगायचं! आवाज खणखणीत, गॅलरीत सुरू झालं की खाली माझ्या कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. काका मध्ये मध्ये नुसतं "बरं" म्हणायचे.

त्यांची सांगलीची नात सुट्टीला आली होती. लेकीची लेक, दुसरीतनं तिसरीत गेलेली, केस कमरेपर्यंत आणि स्वभाव हट्टी. माझ्याकडं दगड रंगवायला रोज. त्यात काकूंना सांगलीला बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. नात म्हणाली, मी येणार नाही, माझं घुबड अर्धं राहिलंय. काका म्हणाले, मी बी न्हाई येत, बायकांच्यात माझं काय काम, मी पोरीला बघतो. आणि वर सांगितलं, "नवाची मिरज गाडी धर. रिकामी असती. खिडकी मिळंल."

ती गाडी बंद होऊन किती वर्षं झाली होती देव जाणे. काकू डोहाळजेवणाची ओटी, साडी, करंज्यांचा डबा असलं सगळं घेऊन उन्हात स्टँडवर बसून राहिल्या. शेवटी कुणीतरी सांगितलं, आजी, तसली गाडीच नाही. मग खच्चून भरलेल्या गाडीत इस्लामपूरपर्यंत उभ्यानं. हे मला कसं माहीत? तर त्यांनी उभ्याउभ्याच मला फोन करून सगळं सांगितलं, आणि "त्यास्नी सांगा, मी बोलनार न्हाई आता त्यांच्याशी" असा निरोपही दिला. मी हसत हसत वर जाऊन निरोप पोचवला. काका म्हणाले, "बरं."

त्या संध्याकाळी काकांनी काकूंना फोन केला. काकूंनी उचलला नाही. बघितला आणि पालथा घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात दुधाची पिशवी तशीच पडलेली बघून मीच दार वाजवलं. नातीनं उघडलं, डोळे चोळत. म्हणाली, आजोबा अजून झोपलेत. ते झोपेतच गेले होते.

पुढचं कुणाच्याही घरी होतं तसंच झालं. मुलगा पुण्याहून आला, काकू आणि लेक सांगलीहून आल्या. दुपारी नेलं. आपल्याकडं बायका जात नाहीत, काकू फाटकापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. पुरुष माणसं परत आली तेव्हा मुलाच्या हातात पांढऱ्या पंच्याच्या तुकड्यात बांधलेला दगड होता, जीवखडा. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरतात आणि मडक्याला भोक पाडतात, तो हा दगड. दहाव्यापर्यंत तो सांभाळायचा, दहाव्याला घाटावर विधी झाला की नदीत सोडायचा. तोवर गेलेल्या माणसाचा जीव त्यात असतो म्हणतात. गुरुजींनी बजावलं होतं, घरात न्यायचा नाही, बाहेर कुठंतरी नीट ठेवा. आता अपार्टमेंटमध्ये बाहेर म्हणजे कुठं? पार्किंगमध्ये? मुलगा बिचारा तो दगड घेऊन आवारभर फिरला. शेवटी कंपाउंडच्या भिंतीत, पूर्वी पाण्याचा मीटर होता त्या कोनाड्यात त्यानं तो ठेवला. तो कोनाडा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येतो.

म्हणून मला सगळं ऐकू यायचं. दिवस मावळायला काकू खाली यायच्या, कोनाड्यात पणती ठेवायच्या, वाटीभर पाणी ठेवायच्या आणि बोलायच्या. ज्या बाईचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा, ती इतक्या हळू बोलत होती की मला कान द्यावा लागायचा. हो, मी दिला. खिडकी लावून घेता आली असती, नाही लावली. पण ऐकण्यासारखं एकच वाक्य होतं, तेच रोज.

"आवं, फोन कशाला केला व्हता?"

उत्तराची वाट बघितल्यासारख्या जरा थांबायच्या. मग परत तेच. "बरं वाटत नव्हतं का? छातीत दुखत व्हतं का? कशाला केला व्हता, सांगा की." आणि वर जायच्या. मोबाइलवर तो काकांचा मिस्ड कॉल तसाच होता. लेक म्हणाली, आई, काढून टाकते तो, सारखा बघत बसतेस. तर काकूंनी फोन पदराखाली धरला. मला एकदा जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुमी गनिताच्या बाई. तुमी सांगा. मी उचलला असता तर वाचलं असतं का?" मी म्हटलं, काकू, असं नसतं हो. म्हणाल्या, "मग कसं असतं?" डॉक्टर म्हणाले होते झोपेत गेले, त्रास झाला नाही. पण काकूंना डॉक्टरांचं ऐकायचंच नव्हतं. त्यांना काकांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि त्यासाठी जागा एकच उरली होती, तीही दहाव्यापर्यंतच. तो दगड नदीत गेला की विचारायचं कुणाला?

मलाही राहून राहून तेच वाटायचं. कशाला केला असेल फोन? भाजी चिरताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर, सारखं तेच. पण हा प्रश्न कुणाला विचारायची सोय नव्हती.

वर माणसांची वर्दळ, म्हणून नातीला तिच्या आईनं परत माझ्याकडं पाठवायला सुरुवात केली. पोरगी गप्प झाली होती. बाकीची पोरं तिला जरा जपून वागवायची, चेंडूवाल्यानं तर आपला सगळ्यात चांगला चेंडू तिला देऊन टाकला. तिनं अर्धं घुबड बाजूला सारलं आणि दुसराच एक दगड घेतला. तो उलटासुलटा करून खूप वेळ बघितला, पांढरा केला आणि कोपऱ्यात, माझ्याकडं पाठ करून रंगवायला लागली. मी डोकावले की हातानं झाकायची. मी म्हटलं राहू दे, झाल्यावर बघू. माझ्यासारखीनं असं म्हणायचं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तिनं तो आणून माझ्यासमोर धरला. "मावशी, आता वॉर्निश."

तळहातात मावेल एवढा दगड. निळ्या रंगावर दोन माणसं, एक मोठं, एक छोटं. मोठ्याला खाकी रंग, डोक्यावर केस नाहीत. छोट्याला लाल फ्रॉक, आणि त्या छोट्याच्या डोक्यापासून मोठ्याच्या हातापर्यंत एक जाड काळी दोरी. दगडाच्या एका टोकाला टवका उडाला होता, तिथं तिनं पिवळा दिवा काढला होता. मी म्हटलं, "अगं, छानच! हा दगड कधी उचललास? नदीवर बघितल्याचं आठवत नाही."

"नदीवरचा नाही. खजिन्यातला. तुम्हीच ठेवला होतात ना, मीटरच्या कोनाड्यात."

मी विचारलं, कधी गं? तर म्हणाली, मागंच, परत यायला लागले त्याच दिवशी. पांढऱ्या चिंधीत बांधलेला. "आणि मी दुसरा ठेवला त्याच्यात. नियमाप्रमाणं." वर आणि, "माझा सगळ्यात गोल होता ना, तो ठेवला," असं मोठ्या मनानं सांगितलं.

पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी शिकवलं तसंच तिनं केलं होतं, अगदी तंतोतंत. जीवखडा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि कोण सांगणार? पोरांसमोर आपण असल्या गोष्टी बोलतच नाही, दार लोटून बोलतो. आणि इतके दिवस काकू रोज येऊन ज्याला विचारत होत्या तो नदीवरचा एक गोल, गुळगुळीत, साधा दगड होता. मला हसू येतंय का रडू तेच समजेना. बाकीच्या पोरांना मी घरी पिटाळलं.

नातीला घेऊन खाली निघाले तर जिन्यातच काकूंचा मुलगा भेटला, हातात उद्याच्या सामानाची पिशवी. त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो मटकन पायरीवर बसला. म्हणाला, "हाच आहे कशावरून?" मी म्हटलं, तुम्ही धरला होतात ना हातात, ओळखा की. त्यानं दगड फिरवून फिरवून बघितला. "काही आठवत नाही हो," म्हणाला. "कुणीतरी खालचा उचलून दिला, मी मारला. बघितलं कुणी?" नात म्हणाली, "मी बघितलाय. हा असा मोडलेला आहे आणि मागं साखरेसारखं पांढरं आहे. त्या चिंधीतच होता." सगळ्या घरादारात तो दगड नीट बघितलेलं माणूस ही एवढीच.

मुलगा म्हणाला, आईला कळता कामा नये. रंग काढू, गुपचूप परत ठेवू. मला ते काही फारसं पटलं नाही, पण दुसरं काय सुचतंय? मी थिनरची बाटली आणि फडकं आणलं. कोनाड्याजवळच बसलो दोघं. त्यानं फडकं भिजवून दगडावर टेकवलं मात्र, आणि पोरीनं जो टाहो फोडला!

"माझे आजोबा पुसू नका! मामा, आजोबा पुसू नका!"

अख्ख्या अपार्टमेंटच्या खिडक्या उघडल्या. आणि काकू पणती घेऊन खाली यायला निघालेल्याच होत्या, त्या पायऱ्या उतरून समोर येऊन उभ्या राहिल्या. एकदा नातीकडं, एकदा लेकाच्या हातातल्या रंगीत दगडाकडं, एकदा कोनाड्यातल्या चिंधीकडं बघितलं. "काय चाललंय?"

मुलगा जमिनीकडं बघायला लागला. मग मीच सांगितलं. खजिना, चिंधी, नियम, सगळं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढं बोलवलं नसतं. काकूंनी पणती खाली ठेवली, कोनाड्यातली चिंधी सोडली आणि आतला तो गोल दगड हातात घेऊन बघत राहिल्या.

"म्हंजे मी भलत्यालाच इचारत व्हते व्हय इतके दिस?"

मला वाटलं आता आकाश कोसळणार, आणि कोसळलं तर ते माझ्याच डोक्यावर कोसळायला हवं होतं. पण काकू म्हणाल्या, "तरीच. एकदा बी 'बरं' म्हनलं न्हाई."

मुलगा म्हणाला, "आई, रंग काढतो मी, दोन मिनिटांत होईल. गुरुजी काय म्हणतील असला रंगवलेला बघून?"

"गुरुजींस्नी मी बगते. आन हिकडं तो."

हे इथंच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी तो दगड तसाच, रंगासकट, नदीत गेला. गुरुजींनी विधीला तो हातात घेतला, मिनिटभर बघत राहिले, काकूंकडं बघितलं आणि पुढचे मंत्र सुरू केले. वॉर्निश लावलेलं नव्हतं, त्यामुळे पाण्यात जाताना थोडा निळा रंग सुटलेला दिसला असं मुलगा सांगत होता. दुसरा, तो गोल दगड काकूंनी कुणाला रंगवू दिला नाही. त्यांच्या गॅलरीत तुळशीपाशी आहे.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी काकूंनी रंगवलेला दगड तळहातावर घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. चष्मा वर राहिला होता. "ह्ये कोन?"

"आजोबा," नात हुंदके देत म्हणाली. "आणि ही मी."

"आन ही दोरी कसली?"

"दोरी नाही. वेणी आहे. आजोबा माझी वेणी घालतायत."

"येणी?" काकू माझ्याकडं वळल्या. "ह्यांनी? जल्मात कंगव्याला हात लावला न्हाई. स्वतःला केसं न्हाईत, दुसऱ्याची काय इंचरनार? कवा घातली गं येणी?"

"तू सांगलीला गेलीस तेव्हा. माझे केस सुटले होते, रंगाला चिकटत होते. आजोबा म्हणाले, थांब, बांधतो. पण त्यांना येईना. दोनच पेड करत होते." ती आता रडायची थांबली होती. "म्हणून तर तुला फोन केला ना. तिसरा पेड कुठनं घ्यायचा ते विचारायला. तू उचललाच नाहीस."

काकूंचा हात तसाच वर राहिला. मुलानं बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. इतक्या दिवसांचा प्रश्न, मी ज्याच्यावर रात्र रात्र कूस बदलली, त्याचं उत्तर रोज माझ्या गच्चीवर माझ्याकडं पाठ करून बसलेलं होतं. सगळ्या जगाला विचारत फिरणारी मी, तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

"मग?" काकूंनी विचारलं. "मी उचलला न्हाई, मग काय म्हनलं?"

"काही नाही. हसले. म्हणाले, आजी अजून फुगलीय. उद्या आली की घालील येणी, मला बी बोलणी घालील."

काकूंनी दगड तोंडासमोर धरला आणि त्यांचा तो जुना, खणखणीत आवाज निघाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली.

"आन मग दुसऱ्यांदा फोन करायला काय बोटं झिजली असती व्हय तुमची? आं? जल्मभर डबल बेल मारून गाडी सोडली, लोकांसाठी, खेडोपाडी! आन बायकुला एकच रिंग? म्या काय बोलनारच नव्हते व्हय तुमच्याशी? नसलेल्या गाडीला घालवता मला, उन्हात बसवता, आन वर फुगली म्हनता? मानसानं फुगू बी नये? दुसऱ्यांदा केला असता तर उचलला असता की! उचलला असता म्या!"

मुलगा "आई, आई" करत पुढं झाला. त्याला त्यांनी हातानं मागं सारलं. बोलत राहिल्या. बंद पडलेली मिरज गाडी झाली, कधी काळी हरवलेली छत्री झाली, दर वर्षी चुकणारा लग्नाचा वाढदिवस झाला. मी तिथून उठायला पाहिजे होतं हे मला कळत होतं. उठले नाही. शेवटी दम लागला तेव्हा थांबल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पायरीवर बसून नातीला जवळ ओढलं.

"आन मग घातली का त्यांनी येणी?"

"घातली. दोन पेडाचीच."

"आन?"

"लगेच सुटली," नात म्हणाली.

"सुटनारच," काकू म्हणाल्या, आणि दगड छातीशी धरून मोठ्यानं रडायला लागल्या.